लाल दिवा लागला की बाबूभाई थांबतो

एटापल्लीत बाबूभाईची जीप ओळखायला नंबर पाहावा लागत नाही. गाडी दिसायच्या आधी तिची धूळ दिसते, आणि धुळीच्याही आधी स्टँडावर बसलेल्यांच्या शिव्या ऐकू येतात. कारण बाबूभाईनं वेळेवर येणं म्हणजे भर उन्हाळ्यात बांडिया नदीला पूर येणं.

माणूस बासष्टीचा. दाढी मेंदीनं रंगवलेली, डोळे धुरानं तांबारलेले. बसताना डावी कूस हातानं धरून बसतो. त्या बाजूच्या दोन फासळ्या एकदा लोकांनी मोडल्या होत्या, आणि मग त्या आपल्या मनानं जशा जुळायच्या तशा जुळल्या. त्याची बायको खैरुन म्हणते, माणूसच वाकडा असला की हाडं तरी कशी सरळ जुळतील. असं म्हणते आणि रोज तिथं तेल चोळून देते.

त्याची एक खोड आसपासच्या साऱ्या टोल्यांवर, वाड्यावस्त्यांवर माहीत आहे. गाडीत स्टेरिंगच्या मागं, काचेखाली एक चिमुकला लाल दिवा असतो. तेलाच्या झारीचं चित्र आणि तोंडाशी एक थेंब. तो दिवा चालत्या गाडीत लागला की बाबूभाई थांबतो. पुढं बाजार असो, कोर्टाची तारीख असो, की मयत असो. पाय उचलतो, गाडी कडेला घेतो, चाबी बंद करतो आणि खाली उतरून बिडी पेटवतो. बिडी संपेपर्यंत टोपण उघडत नाही. तेल वर उडालेलं असतं, ते खाली बसू द्यावं लागतं म्हणतो. मग पट्टी काढतो, फडक्यानं पुसतो, परत घालतो, परत काढतो आणि तेल किती आहे ते पाहतो. कमी असलं तर घालतो. वाकून गाडीच्या पोटाखाली पाहतो, कुठं गळतं का. मग चाबी लावतो. चार श्वासांत दिवा विझला तर निघायचं. नाही विझला तर सगळ्यांनी आपापली गाठोडी उचलायची आणि पायी चालू लागायचं.

कढई चुलीवर आहे आणि तेल संपलं, तर पुढं काय होतं हे बाईमाणसाला सांगावं लागत नाही. पुरुषाला सांगावं लागतं, आणि सांगूनही तो म्हणतो, एवढा एक घाणा निघू दे. इंजिनाचं तसंच आहे. आत लोखंडावर लोखंड फिरतं आणि मधे फक्त तेलाचा पदर असतो. पदर सरला की दोन्ही लोखंडं एकमेकांचा जीव घेतात.

एकदा एका वरातीत नवरदेवालाच त्यानं असं रस्त्यात उतरवलं. मुहूर्त टळत चालला होता. नवरदेव बाशिंगासकट खाली आला आणि हातातली कट्यार त्यानं बाबूभाईच्या पोटाला लावली. बाबूभाईनं बिडीचा झुरका घेतला आणि म्हणाला, "घालायची त घाल भाऊ. पन त्या डब्यातलं तेल आधी इंजनात घाल. मंग मले मार, अन् गाडी तूच ने." नवरदेवाला गाडी येत नव्हती. त्यानं मुकाट्यानं तेल घातलं. आता त्याला तीन लेकरं आहेत, आणि सासुरवाडीला जायचं असलं की त्याला बाबूभाईचीच गाडी लागते.

ही खोड त्याला फुकट लागलेली नाही.

चौतिसाव्या वर्षी तो दुसऱ्याची जीप चालवायचा. आलापल्लीच्या रस्त्यावर, अकरा माणसं भरलेली असताना दिवा लागला. गाव चार किलोमीटरवर होतं. पुढच्या सीटवर देवाजी नावाचा टपालवाला बसला होता. तो म्हणाला, एवढ्याशा दिव्यानं काय होते, चाल. बाबूभाईलाही तेच वाटत होतं. दिवा डोळ्यात खुपत होता म्हणून त्यानं त्यावर आपला रुमाल टाकला. दोन किलोमीटर गाडी चांगली पळाली. उतारावर आतून कोणीतरी घण घातल्यासारखा आवाज झाला, आणि इंजिनातला दांडा इंजिनाचं पोट फोडून बाहेर आला. मिस्त्री लोक याला म्हणतात, इंजिनानं हात काढला. मागची चाकं जागच्या जागी आवळली, गाडी आडवी झाली आणि उलटली.

देवाजी गाडीखाली गेला. बाबूभाई स्टेरिंगला उलटा लटकलेला होता, त्याचं तोंड देवाजीच्या तोंडापासून हातभर. देवाजीचा श्वास थांबेपर्यंत दोघं एकमेकांकडे पाहत होते. मग गावातले लोक धावत आले. त्यांनी बाबूभाईला ओढून बाहेर काढलं आणि जळणाच्या लाकडांनी मारलं. मारणारे चुकले असं तो कधी म्हणत नाही. फक्त लाकूड जरा बारीक घ्यायला पाहिजे होतं, एवढंच म्हणतो.

ज्याच्या हाताखाली तो गाडीचं काम शिकला, तो अजीम उस्ताद त्याला पाहायला दवाखान्यात आला. फासळ्या बांधलेल्या, नाक फुटलेलं. उस्तादानं सगळं नीट पाहून घेतलं आणि मग जिथं लागलेलं नव्हतं अशी जागा शोधून तिथं एक थप्पड हाणली. "अल्ला सब करता है," तो म्हणाला, "लेकिन चाबी तेरे हाथ में दी थी." एवढं बोलून, आणलेली केळी ठेवून तो गेला.

तेव्हापासून अठ्ठावीस वर्षं बाबूभाई त्या दिव्याला मानत आला. आणि गेल्या वर्षी मोहाच्या दिवसांत त्या मानण्याची परीक्षा झाली.

एप्रिल लागला होता. कसमटोला एटापल्लीपासून बावीस किलोमीटर. एटापल्लीचा आठवडी बाजार होता म्हणून बाबूभाई माणसं न्यायला सकाळीच तिथं गेला होता. बाया गाडीत चढत होत्या. मोहाची पोती टपावर बांधून झाली होती. म्हाताऱ्या रुखमाबाईनं टोरीच्या तेलाचा पाच लिटरचा डबा सीटखाली सारला होता. टोरी म्हणजे मोहाचं बी. त्याचं तेल थंडीत तुपासारखं गोठतं आणि उन्हाळ्यात पाण्यासारखं पातळ होतं. बाजारात ते विकून तिला नातीसाठी चपला आणायच्या होत्या. तेवढ्यात शेताकडून ओरडा आला.

लटारू आणि विनोद हे सख्खे भाऊ. लटारू चाळिशीचा, विनोद तिशीचा. बाप मेल्यावर शेत वाटलं गेलं, पण बांधावरचा मोह वाटता येईना. तेव्हा चार लोकांत ठरलं की एका वर्षी फुलं लटारूनं वेचायची, एका वर्षी विनोदनं. बारा वर्षं हे नीट चाललं. मग आदल्या वर्षी विनोदची पाळी होती, आणि ऐन मोहाच्या दिवसांत गारा पडल्या. झाडाखाली एक टोपलीभर फूलही मिळालं नाही. आता विनोदचं म्हणणं, वाया गेलेली पाळी पाळीत धरायची नाही, यंदाही मोह माझाच. लटारूचं म्हणणं, गारा काय मी पाडल्या? दोघांनीही झाडाखालचा पाचोळा जाळून जागा साफ करून ठेवली होती. एकानं जाळलेल्या जागी दुसऱ्यानं परत जाळलं. इकडे ज्यानं जागा जाळली त्याचं झाड, ही जुनी रीत. दोघांनी जाळली तर कोणाचं, हे मात्र कोणा म्हाताऱ्यानं सांगून ठेवलं नव्हतं.

त्या सकाळी लटारू आणि त्याची बायको कमला फुलं वेचत होती. विनोद टोपली घेऊन आला. लटारूनं टोपली लाथेनं उडवली. विनोदनं भावाच्या आईवरून शिवी दिली, जी त्याचीही आई होती. लटारूनं बांबूची काठी त्याच्या तोंडावर हाणली. ओठ दुभंगला, दोन दात पडले. आणि विनोदच्या खांद्यावर, त्या भागातल्या कोणाही पुरुषाच्या खांद्यावर असते तशी, कुऱ्हाड होती.

घाव मान आणि खांदा यांच्या मधे बसला. हाड तुटल्याचा आवाज कमलानं ऐकला. सुकी फांदी मोडल्यासारखा होता, असं तिनं पुढं सांगितलं. लटारू गुडघ्यावर आला आणि पांढऱ्या फुलांवर लाल धार पडू लागली. कुऱ्हाड ओढून काढताना विनोदला कळलं की आपण काय केलं. कळल्यावर त्यानंच भावाला पाठीवर घेतलं आणि जीपकडे धावत सुटला. हातातली कुऱ्हाड खाली टाकायची असते, हे मात्र त्याच्या ध्यानात आलं नाही.

फोन लावायचा तर टेकडी चढावी लागते. तेवढा वेळ नव्हता. बाया उतरल्या, गाठोडी तशीच गाडीत राहिली. कमला मागच्या सीटवर बसली. नवऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं, पदर जखमेत कोंबला आणि दोन्ही हातांनी दाबून धरला. विनोद पुढं बसला, गुडघ्यांमधे कुऱ्हाड धरून. त्याच्या तोंडातून रक्त गळत होतं आणि तो सारखं एकच म्हणत होता. चला.

पाच किलोमीटरवर फाटा आला. सडकेनं जायचं तर अजून सतरा. नाल्याकाठच्या जंगलवाटेनं गेलं तर सहा वाचतात. बाबूभाई म्हणाला, वाटेत दगड आहेत. विनोद म्हणाला, दादा मरून राह्यला अन् तुमाले दगड दिसतात. मागं लटारू 'येर, येर' म्हणत होता, पाणी मागत होता. बाबूभाईनं गाडी वाटेत घातली. ही चूक आपली, असं तो अजून कबूल करतो.

तीन किलोमीटर गेल्यावर गाडीच्या पोटाला दगड लागला. ठण्ण. हे त्याला कानापेक्षा तळपायातून आधी कळलं. त्यानं दिव्याकडे पाहिलं. दिवा विझलेला होता. नाल्याचं एक वळण गेलं, दुसरं गेलं, आणि दिवा लागला. लाल.

इतक्या वर्षांत दिवा लागला की हात त्याला विचारत नसे, तसं त्या दिवशीही हातानं विचारलं नाही. चाबी फिरली. इंजिन बंद पडलं. गाडी घरंगळत एका तेंदूच्या झाडाखाली थांबली.

"काऊन थांबोली?" विनोद म्हणाला.

"तेल गेलं. चेंबर लागलं दगडाले. अजून एक-दोन किलोमीटर नेली त इंजन जाम होईन, मंग काईच नाई."

"चालव."

"नाई चालवत."

विनोदनं कुऱ्हाडीचा दांडा त्याच्या कपाळावर मारला. बाबूभाईचं डोकं दाराच्या लोखंडावर आपटलं. विनोद फिरून आला, त्याला दाढीला धरून बाहेर ओढलं, मातीत पाडलं आणि लाथा घातल्या. त्याला काय ठाऊक, पण तिसरी लाथ नेमकी त्या वाकड्या फासळ्यांवर बसली. बाबूभाईच्या डोळ्यांपुढं पांढरं झालं. विनोद कुऱ्हाडीचं पातं त्याच्या गळ्याशी धरून उभा राहिला. पात्यावर भावाचं रक्त वाळून काळं पडलं होतं, त्यावर माशी बसली होती. पण विनोदला गाडी चालवता येत नव्हती, आणि मेलेला ड्रायव्हर गाडी चालवत नाही. एवढं गणित त्याला त्या रागातही सुटलं.

मग त्यानं जे केलं, ते त्याच्याशिवाय कोणाला सुचलं नसतं. तो गाडीत चढला आणि त्यानंच चाबी फिरवली. दिवा लागला. "हाच ना तो?" तो म्हणाला. "याच्यासाठी माह्या दादाले मारून राह्यला तू?" आणि कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूनं त्यानं घाव घातला. काच फुटली, काटे वाकले, तारा बाहेर लोंबल्या. दुसरा घाव, तिसरा घाव. दिव्याचा भुगा झाला.

"विझला," तो धापा टाकत म्हणाला. "आता चालव."

खाली मातीत पडलेल्या बाबूभाईला हसू आलं. हसताना फासळी दुखली म्हणून तो कण्हला. माणूस म्हणजे कसा, ज्या दिव्यानं सांगितलं की घरात आग लागली, त्या दिव्यालाच मारतो. आपणही कधी रुमाल टाकला होता, हेही त्याला आठवलं, आणि हसू तिथंच थांबलं.

मागच्या सीटवरून कमला बोलली. "विनोदभाऊ, माह्या बोटातून जीव चालला त्यायचा. म्हातारा काय म्हन्ते ते आयका, नाई त मले बी मारा अन् घरी जा."

विनोद खाली उतरला. बाबूभाई गुडघ्यावर उठला. त्यानं विनोदचे केस धरले आणि त्याचं डोकं गाडीखाली वाकवलं. विनोद अंगानं दुप्पट होता, पण वाकला. खाली तेल गळायचा नट दगडानं उडाला होता आणि अंगठ्याएवढ्या भोकातून काळं तेल धार धरून मातीत पडत होतं. मागं, गाडीच्या पत्र्याच्या फटीतून दुसरी धार पडत होती, लाल. दोन्हींमधे दीड हाताचं अंतर.

"दोन्ही बंद करा लागते," बाबूभाई म्हणाला. "तिकडचं तुह्या वयनीनं धरलं हाये. इकडचं तू धर."

विनोद पाठीवर सरपटत आत गेला आणि त्यानं अंगठा भोकात घातला. तेल उकळत्या वरणासारखं तापलेलं होतं. तो किंचाळला, पण हात काढला नाही. कोपरापर्यंत तेल वाहत आलं आणि कातडी लाल झाली. तसाच तो दात खाऊन पडून राहिला, पडलेल्या दातांच्या जागेतून रक्त थुंकत.

विनोदनं आत सरपटताना टाकलेली कुऱ्हाड आता बाबूभाईच्या हातात होती. विनोदचं अर्धं अंग गाडीखाली आणि एक हात अडकलेला. बाबूभाईच्या कपाळातून रक्त डोळ्यात उतरत होतं आणि फासळी श्वास घेऊ देत नव्हती. एक घाव त्याच्या गुडघ्यावर घालावा, असं त्याच्या मनात आलं. आलं नाही असं तो सांगत नाही. त्या उघड्या, धुळीनं भरलेल्या पायाकडे त्यानं पाहिलं. मग तो वळला, तेंदूची एक वाळली फांदी तोडली आणि कुऱ्हाडीनं तिची खुंटी तासायला बसला. गाजरासारखी, एका बाजूनं निमुळती. रक्तानं डोळा झाकलेला होता म्हणून अंगठ्याची थोडी सालही तासली गेली.

खुंटीला गुंडाळायला चिंधी पाहिजे होती. कमला म्हणाली, माझ्या लुगड्याचा काठ फाडा, माझे हात मोकळे नाहीत. बाबूभाईनं काठ दातानं फाडला. चिंधी गुंडाळून खुंटी भोकात बसवली, विनोदचा अंगठा निघताच कुऱ्हाडीच्या मागनं ठोकली. धार थांबली. दोन थेंब आले, मग तेही थांबले.

आता तेल. सीटखाली तो नेहमी एक लिटर ठेवतो, ते ओतलं. पट्टीच्या टोकालाही लागलं नाही. तिथंच रुखमाबाईचा डबा होता. बाबूभाईनं झाकण उघडून वास घेतला. टोरीचं तेल इंजिनात घालताना उस्तादानं पाहिलं असतं, तर कबरीतून उठून मारलं असतं. पण लोखंडावर लोखंड घासण्यापेक्षा दिवाळीचे अनरसे तळायचं तेल बरं. त्यानं चार लिटर ओतलं, थोडं डब्यात राखून ठेवलं. पट्टी भरली.

चाबी फिरवायच्या आधी तो थांबला. तेल वर चढलं की नाही, हे सांगणारा दिवा आता नव्हता. त्याच्या जागी तारा लोंबत होत्या.

"आता कोनी बोलू नका," तो म्हणाला. "दिवा तू फोडला. आता मले कानानं पाहा लागते."

इंजिन लागलं. आत टकटक, टकटक, चमच्यानं ताट वाजवल्यासारखं. बाबूभाई पाय न दाबता ऐकत राहिला. एक श्वास, दोन, तीन. टकटक मंद झाली आणि मग बुडाली. त्यानं गाडी हळू सोडली.

पुढची सहा किलोमीटर त्यांनी बैलगाडीहून थोडी जास्त अशा चालीनं काढली. गाडीत सगळीकडे तळणाचा वास भरला होता. कोणी बोलत नव्हतं. आणि कोणी बोलत नव्हतं म्हणून दोनच आवाज होते. पुढं इंजिनाचा, मागं लटारूच्या श्वासाचा. बाबूभाई पहिला ऐकत होता, कमला दुसरा. विनोद मधे बसून दोन्ही ऐकत होता. त्याचा पोळलेला हात फुगून आला होता, तो त्यानं मांडीवर उताणा ठेवला होता. लटारूचा श्वास अडकला की त्याचं अंग ताठ व्हायचं. श्वास परत आला की तोही श्वास घ्यायचा.

सडकेला लागल्यावर आतून परत आवाज आला. टक. मग टकटक. बाबूभाईनं चाबी बंद केली.

विनोदचा हात वर गेला. बाबूभाईनं तोंड वळवलं नाही, तो मारायची वाट पाहत बसला. एटापल्ली दिसत होतं, पाण्याची टाकी दिसत होती. दोन किलोमीटर. तो हात हवेत तसाच राहिला, आणि मग विनोद दार उघडून खाली उतरला. गाडीखाली गेला. खुंटी सैल झाली होती. त्यानं ती पोळलेल्या हाताच्या तळव्यानं धरली आणि दगडानं ठोकली. बाहेर आला, राखून ठेवलेलं तेल स्वतःच ओतलं आणि गाडीत बसून समोर पाहत राहिला. बाबूभाईनं बिडी पेटवली नाही, पण तेवढा वेळ थांबला. मागं कमला मोठ्यानं श्वास मोजत होती, नवऱ्याचे. एकोणीस. वीस. एकविसाव्याला वेळ लागला.

इंजिन लागलं, टकटक बुडाली आणि ते निघाले.

दवाखान्याच्या दारात लटारूला उतरवताना कमलाचे हात सुटेनात. बोटं आखडली होती, पदर आणि रक्त आणि कातडी असं सगळं एक होऊन वाळलं होतं. नर्सनं पाणी ओतून एकेक बोट उचललं. मग त्याला आत नेलं आणि दार लागलं. कमला बाहेर बाकावर बसली, दोन्ही हात मांडीवर, जणू ते दुसऱ्या कोणाचे आहेत. विनोद भिंतीशी जमिनीवर बसला. त्यानं पळायला पाहिजे होतं, पण तो बसून राहिला.

पोलीस शिपाई आला. त्यानं बाबूभाईचं कपाळ पाहिलं, गाडीत जाऊन फुटलेल्या काचा पाहिल्या आणि कोणी केलं म्हणून विचारलं. बाबूभाईनं विनोदकडे बोट दाखवलं. मग म्हणाला, "यानंच मारलं साहेब. अन् यानंच तेल धरलं, हात पाहा त्याचा. दोन्ही लिहा." शिपाई म्हणाला, तेलाचं कलम नसते. बाबूभाई म्हणाला, कलम नसलं तरी कागद असन.

दीड तासानं डॉक्टर बाहेर आले. जिवंत आहे, म्हणाले. रक्त लावलं आहे, आता गडचिरोलीला हलवतो. हाताचं काही सांगता येत नाही, बहुतेक वर उचलता येणार नाही. पण जिवंत आहे.

कमला उठली. भिंतीशी बसलेल्या विनोदसमोर गेली आणि त्याला मारायला लागली. आधी उघड्या हातानं, तोंडावर, फाटलेल्या ओठावर. मग मुठीनं, डोक्यावर, पाठीवर. ओरडली नाही, रडली नाही. प्रत्येक फटक्याचा आवाज त्या लांबलचक वऱ्हांड्यात घुमत होता. विनोदनं पोळलेला हात पोटाशी धरला, बाकी काही झाकलं नाही. शिपाई मधे पडायला पुढं झाला. बाबूभाईनं फासळी धरूनच त्याची बाही ओढली.

"थांबा साहेब," तो म्हणाला. "तिचे हात आत्ताच मोकळे झाले."

शिपाई थांबला. कमला मारत राहिली, हात जड होईपर्यंत. मग ती तिथंच विनोदसमोर बसली, धापा टाकत, आणि आपल्या तळव्यांकडे पाहू लागली. विनोदनं मान वर केली.

"हात दुखून राह्यले म्हनून थांबली," कमला त्याला म्हणाली. "माफ केलं असं समजू नको."

आणि उठून ती आत नवऱ्याकडे गेली.